कुणाचे दात, कुणाचं हसू

व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन इस्टेटीच्या जमाखर्चाच्या वहीत ८ मे १७८४ या तारखेला एक नोंद आहे. डॉक्टर ल मेयूर यांच्या कामासाठी नऊ दात घेतले आणि त्यापोटी इस्टेटीवरच्या गुलामांना ६ पौंड २ शिलिंग रोख दिले. इस्टेटीचे मालक होते जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकून ते काही महिन्यांपूर्वीच घरी परतले होते आणि त्यांच्या तोंडात मोजकेच दात उरले होते.

हा ज्याँ-पिएर ल मेयूर फ्रेंच दंतवैद्य. त्या काळात त्याने वर्तमानपत्रातून जाहिरात केली होती की, पुढचे चांगले दात विकणाऱ्याला दातामागे दोन गिनी मिळतील, गुलामांचे दात मात्र नकोत. या भावाने नऊ दातांचे जवळजवळ १९ पौंड झाले असते. माउंट व्हर्ननच्या गुलामांच्या हातावर त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पडला. ते नऊ दात खुद्द वॉशिंग्टनच्याच कवळीत गेले की आणखी कुणाच्या, हे वहीत लिहिलेलं नाही. पैसे दिले होते, व्यवहार चोख होता, असं कुणी म्हणेल. पण मालकाला दात हवे असताना गुलामाला नाही म्हणायची कितपत सोय होती?

देखणं हसू आज दवाखान्यात पैसे मोजून मिळतं. ही सोय गेल्या तीनशे वर्षांत घडत आली, आणि या काळात तिची खरी किंमत बऱ्याचदा हसणाऱ्याने मोजलेलीच नाही.

त्याआधी युरोपात हसू ही झाकायचीच गोष्ट होती. फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ साली जन्मला तो दोन दात घेऊनच, आणि दरबाराने तो शुभशकुन मानला. शकुन फार टिकला नाही. पन्नाशीच्या आतच वरचे दात जवळपास गेले. १६८५ मध्ये वरची दाढ काढताना जबड्याचा तुकडाच निघून आला आणि टाळूला भोक पडलं. प्यायलेलं पेय नाकावाटे बाहेर येऊ लागलं. शेवटी वैद्यांनी तापल्या सळईने डागून ते भोक बुजवलं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली म्हण व्हर्सायच्या राजाला अशी लागू पडावी! इयासिंत रिगोने १७०१ मध्ये काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र पाहा. झगा, सिंहासन, उंच टाचांचे बूट सगळं झोकात आहे, पण गाल आत गेलेले आणि ओठ घट्ट मिटलेले.

राजाची ही गत, तर प्रजेची काय सांगावी? पॅरिसमध्ये सेन नदीवरच्या पाँ-नफ पुलावर दात उपटणाऱ्यांचा बाजार भरायचा. अठराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात तिथला राजा होता ‘ग्राँ तोमा’, म्हणजे थोरला तोमा. देह अवाढव्य, पोशाख झगमगीत. दात हटून बसला तर हा पठ्ठ्या रोग्याला गुडघ्यावर बसवतो आणि चिमट्यातल्या दातासकट तीनदा हवेत उचलतो, असं लोक सांगत. १७२९ मध्ये युवराज जन्मला तेव्हा त्याने पॅरिसकरांचे दात फुकट काढून देण्याची घोषणा केली होती. आता असं औदार्य कुणी दाखवलं तर आपण पळून जाऊ, पण तेव्हा पुलावर गर्दी व्हायची. कारण दात किडण्याचं प्रमाण वाढत होतं आणि त्याला कारण होती साखर. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी ऊस पिकवायचा, त्याची साखर पॅरिस-लंडनच्या चहा-कॉफीत पडायची आणि तिथले दात किडायचे. मग ते भरून काढायला पुन्हा गुलामांचे दात. माउंट व्हर्ननच्या वहीतली ओळ वाचताना हे सगळं चक्र डोळ्यांपुढे येतं.

पुलावरचा हा धंदा विद्येच्या पातळीवर आणला तो पिएर फोशार्ने. ब्रिटनी प्रांतातला हा माणूस कोवळ्या वयात आरमारात शिरला, तिथे खलाशांच्या सडलेल्या हिरड्या पाहिल्या, आणि पुढे पॅरिसमध्ये दवाखाना थाटला. १७२८ साली त्याने ‘ल शिरुर्जियाँ दांतिस्त’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दातात किडा असतो ही जुनी समजूत त्याने खोडून काढली. कीड खरवडून पोकळीत शिसं, कथील किंवा सोनं कसं भरायचं, वाकडे दात धातूच्या पट्टीला दोऱ्याने बांधून रांगेत कसे आणायचे, मुळावर खोटा दात कसा रोवायचा, हे सगळं त्याने चित्रांसह उघड करून टाकलं. त्या काळी प्रत्येक जण आपली युक्ती मुठीत झाकून ठेवत असे, त्यामुळे या उघडेपणाचं मोल मोठं आहे. खोटे दात खऱ्यासारखे दिसावेत म्हणून सोन्यावर मीनाकारी करून घेण्याची कल्पनाही त्याचीच. वरची कवळी खाली पडू नये म्हणून त्याने वरच्या-खालच्या कवळ्यांमध्ये स्प्रिंगसारख्या कमानी बसवल्या. (हिरड्यांसाठी ताज्या लघवीने चूळ भरावी असंही हा थोर माणूस सांगतो. त्याच्या चाहत्यांनी ते पान पटकन उलटावं.)

फोशार्ने उपटण्याऐवजी राखायला शिकवलं आणि पन्नास-साठ वर्षांत पॅरिसच्या वरच्या थरात दात दाखवून हसणं बसू लागलं. १७८७ च्या सलाँ प्रदर्शनात एलिझाबेथ विजे-लब्रँ या चित्रकर्तीने लेकीसोबतचं स्वतःचं चित्र मांडलं. त्यात ओठ किंचित विलग होते आणि पांढरे दात दिसत होते. जाणकारांनी नाकं मुरडली, कारण चित्रात तोंड उघडं ठेवायचं ते वेड्यांनी, दारुड्यांनी किंवा रस्त्यावरच्या लोकांनी. त्यांच्या टीकेला फार दिवस कुणी विचारलं नाही. दात दिसणं ही आता दौलत झाली होती आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना ती हवी होती.

लंडनमध्ये या हौसेला शास्त्राचा आधार मिळाला तो जॉन हंटरकडून. शरीरशास्त्रात त्याचा दबदबा मोठा. मानवी दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१ मध्ये आला. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला, तो तिथे धरला असं त्याला वाटलं, आणि मग जिवंत माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या पुस्तकातला एक सल्ला वाचून अंगावर काटा येतो. एकाचा दात नीट बसला नाही तर दुसऱ्याचा लगेच काढता यावा म्हणून दात देणारे बरेच जण तयार ठेवावेत, असं तो सांगतो. पहिल्याचा उपटलेला दात वाया गेला, त्याचं काय, याची त्याने फिकीर केलेली दिसत नाही.

दात देणारे कोण असणार? गरिबांची मुलं. टॉमस रोलंडसनने १७८७ मध्ये काढलेल्या व्यंगचित्रात सगळं दिसतं. धुराडी साफ करणारा, काजळी माखलेला पोरगा खुर्चीत बसलाय आणि नटवा दंतवैद्य त्याचा दात उपटतोय. शेजारी एक बाई तो दात आपल्या तोंडात बसण्याची वाट पाहतेय. दारातून दोन फाटकी पोरं गाल धरून बाहेर पडताहेत, त्यातलं एक हातातलं नाणं निरखतंय. असे दात काही महिने, फार तर काही वर्षं टिकत. कधी त्यांच्याबरोबर रोगही येत. विल्यम वॉटसन या लंडनच्या डॉक्टरने १७८५ मध्ये दात बसवून घेतल्यानंतर दगावलेल्या तरुणीची हकिकत छापली, तेव्हा कुठे श्रीमंतांचा उत्साह ओसरला. पोरांच्या कळवळ्याने तो ओसरला नव्हता.

मेलेल्यांचे दात मिळत होतेच, आणि त्यांचा पुरवठा अधूनमधून एकदम वाढायचा. १८ जून १८१५ ला वॉटर्लूच्या मैदानावर एका दिवसात चाळीस-पन्नास हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. बहुतेक तरुण, दात धडधाकट. लुटारूंनी बूट, बटणं, घड्याळांबरोबर चिमट्याने दातही गोळा केले. लंडनमध्ये हे दात हस्तिदंताच्या कवळीवर बसवून विकले गेले आणि ‘वॉटर्लूचे दात’ हे नावच पडलं. रणांगणावरचे दात म्हणजे रोगाने मेलेल्याचे किंवा थडग्यातून उकरलेले नव्हेत, ही त्यातली खात्रीची बाजू. शल्यविशारद ॲस्टली कूपरचं चरित्र त्याच्या पुतण्याने १८४३ मध्ये लिहिलं. त्यात प्रेतं चोरून विकणाऱ्या एका इसमाची हकिकत आहे. युरोपातल्या लढायांच्या मागावर तो दात काढायला निघाला होता आणि एकदा लढाई जुंपली की दातांना तोटा नाही, असं खुशाल सांगत होता. हा व्यापार वॉटर्लूपाशी थांबला नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांचे दातही इंग्लंडला गेले.

वॉशिंग्टनचं काय झालं, तेही सांगून टाकतो. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात एकच दात होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्यांना कवळी करून दिली ती पाणघोड्याच्या दातातून कोरलेली, तिच्यात माणसाचे दात बसवलेले आणि त्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवलेलं. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा आहे. तोंड मिटलेलं ठेवायला जबडे दाबून धरावे लागत, नाहीतर कमानींच्या जोराने कवळी उघडायची. कवळीने ओठ पुढे ढकलला जातो, ही तक्रार त्यांनी शेवटच्या वर्षांतही केली. १७९६ मध्ये तो शेवटचा दातही गेला. त्यांनी तो ग्रीनवुडला देऊन टाकला आणि ग्रीनवुडने तो घड्याळाच्या साखळीतल्या डबीत जपून ठेवला. कवळीतले दात काळे पडले तेव्हा पोर्ट वाईनमुळे पडले, असं त्याने वॉशिंग्टनना पत्रातून बजावलंही होतं. डॉलरच्या नोटेवरचा तो आवळलेला, फुगीर ओठ म्हणजे स्वभावाचा करारीपणा असं अनेकांना वाटतं. त्यात कवळीचा हिस्सा मोठा आहे.

हस्तिदंत काय किंवा पाणघोड्याचा दात काय, तोंडात सडणारच. पॅरिसजवळच्या साँ-जर्मँ-आँ-ले गावचा आलेक्सि द्युशातो हा औषधविक्रेता १७७४ च्या सुमाराला आपल्या कवळीच्या दुर्गंधीला कंटाळला. दुकानातल्या चिनी मातीच्या भांड्यांना ना वास लागतो ना डाग, मग दात त्याचेच का नसावेत, असं त्याच्या मनात आलं. चिनी माती भट्टीत आकसते, त्यामुळे मापात बसणारी कवळी होईना. त्याने निकोला द्युबुवा द शेमाँ या दंतवैद्याची मदत घेतली. द शेमाँने मिश्रण सुधारलं, १७८८ मध्ये त्यावर पुस्तिका काढली आणि सोळाव्या लुईकडून पेटंटही मिळवलं, स्वतःच्या नावाने. द्युशातो कोर्टात गेला आणि हरला. क्रांतीच्या धामधुमीत द शेमाँ लंडनला सटकला. तिथे वेजवुडच्या चिनी मातीच्या कारखान्यातून त्याला माती मिळू लागली. ठणठणीत, पांढरीफेक, एकसंध बत्तिशी. पण बोलताना खटखट वाजणारी आणि पडली की फुटणारी. तिचीही रोलंडसनने १८११ मध्ये रेवडी उडवलीच.

खरी प्रगती झाली ती एकेक दात सुटा घडवायला लागल्यावर. जुझेप्पान्जेलो फोन्झी या इटालियन माणसाने १८०८ मध्ये पॅरिसला प्लॅटिनमचा आकडा जडवलेले सुटे चिनी मातीचे दात दाखवले. १८३० च्या दशकाच्या अखेरीला लंडनमध्ये क्लॉडियस ॲश हा सोन्या-चांदीच्या कामाच्या धंद्यातून आलेला माणूस उत्तम दात बनवू लागला. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये कारखाने निघाले. प्रेताच्या तोंडात चिमटा घालायचं कारण हळूहळू उरलं नाही.

पण कवळी बसवायची तर आधी जुने खुंट काढायला हवेत आणि त्या वेदनेला भिऊन गिऱ्हाईक पळायचं. हार्टफर्डच्या होरेस वेल्सने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. त्याचा एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन बॉस्टनमध्ये कवळ्यांचा धंदा करत होता, त्याला ही अडचण रोजचीच. त्याने ईथर वापरून पाहिलं आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात बेशुद्धीतली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया झाली. साऱ्या जगाच्या शस्त्रक्रियांचा चेहरा बदलणाऱ्या या शोधामागे कवळीचं गिऱ्हाईक टिकवायची धडपड होती, हे वैद्यकाच्या इतिहासात जरा लाजत सांगितलं जातं. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही.

आता दात होते, गुंगी होती. महाग होता तो फक्त कवळीचा पाया. तो सोन्याच्या पत्र्याचा ठोकून बनवत. रबरावर प्रयोग करणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या भावाने, नेल्सनने, १८५१ मध्ये गंधक घालून तापवलेल्या कडक रबराचं पेटंट घेतलं. हे व्हल्कनाइट मऊ असताना तोंडाच्या साच्यावर दाबायचं, दात रोवायचे आणि वाफेच्या भांड्यात शिजवून कडक करायचं. पाया हिरडीला चपखल बसायचा, कमानींची गरज संपली आणि कारकुनाला, शिंपिणीलाही कवळी परवडू लागली.

इथे पेटंटवाले आडवे आले. बॉस्टनचा दंतवैद्य जॉन कमिंग्ज याला १८६४ मध्ये रबरी कवळीचं पेटंट मिळालं आणि ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीच्या हाती गेलं. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन. प्रत्येक दंतवैद्याने वर्षाला २५ ते १०० डॉलर परवाना फी भरावी, शिवाय कवळीमागे वेगळी रॉयल्टी द्यावी. न भरणाऱ्यावर खटला. खोटे रोगी पाठवून पुरावे गोळा केले जात. शेकडो दंतवैद्य कोर्टाच्या पायऱ्या चढले आणि १८७६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिल्यावर बेकनला रान मोकळं झालं.

सॅम्युएल चाल्फंट हा डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा दंतवैद्य. त्याने फी भरायला नकार दिला. बेकनने खटला लावला तेव्हा तो सेंट लुइसला गेला, तिथून सॅन फ्रान्सिस्कोला. देश ओलांडून गेला तरी बेकन मागावरच. १८७९ च्या एप्रिलमध्ये बेकन स्वतः सॅन फ्रान्सिस्कोत दाखल झाला आणि कोर्टात त्याने चाल्फंटला जेरीस आणलं. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी सकाळी, चाल्फंट बाल्डविन हॉटेलातल्या बेकनच्या खोलीवर गेला. बाचाबाची झाली, पिस्तूल सुटलं आणि बेकन कोसळला. गोळी चुकून सुटली असं चाल्फंटचं म्हणणं. ज्यूरीने ते मानलं नाही. त्याला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात दहा वर्षांची शिक्षा झाली. बेकनसाठी हळहळणारे दंतवैद्य फारसे निघाले नाहीत. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली, कंपनीनेही पुन्हा धडपड केली नाही आणि रबरी कवळी साऱ्यांची झाली. १९४० च्या सुमाराला ॲक्रिलिक येईपर्यंत तिचंच राज्य होतं.

स्वस्त कवळी आणि बिनवेदनेचं दात काढणं एकत्र आल्यावर नवाच अतिरेक झाला. ब्रिटनमध्ये पुढे नवऱ्याच्या खिशाला खर्च नको म्हणून लग्नाआधी मुलीचे सगळे दात, चांगलेसुद्धा, काढून कवळी बसवण्याची चाल काही भागांत होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने कवळ्या मोफत केल्या तेव्हा मागणीचा असा लोंढा आला की तीन वर्षांत शुल्क लावावं लागलं. त्या वादात ही सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेवनने मंत्रिपद सोडलं.

बाकीचं सगळं वेगाने घडलं. हॉलिवुडमध्ये याआधीच चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने नटनट्यांच्या दातांवर तात्पुरते चिकटवायचे पातळ पापुद्रे बनवले. शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत असतानाही पडद्यावर फट दिसली नाही ती त्यामुळे. १९५५ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोरेने फॉस्फोरिक आम्लाने दाताचं कवच किंचित खरखरीत केलं की त्याला पदार्थ घट्ट धरतो, हे दाखवलं. त्या पायावर १९८० च्या दशकात कायमचे पोर्सेलिन व्हेनियर आले. १९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनमार्कने यॉस्ता लार्सन या रोग्याच्या जबड्यात खोट्या दातांच्या आधारासाठी टायटॅनियमचे खिळे बसवले. २००६ मध्ये लार्सन वारला तोवर ते टिकले.

आज पुण्या-मुंबईत गल्लीगल्लीत ‘स्माईल डिझायनिंग’च्या पाट्या आहेत. दुसऱ्याचा दात आता कुणी मागत नाही, हा या तीनशे वर्षांचा मोठा लाभ. मात्र व्हेनियर बसवायचा तर बहुतेकदा स्वतःच्याच धडधाकट दाताचं साधारण अर्धा मिलिमीटर कवच घासावं लागतं, कॅपसाठी त्याहून पुष्कळ जास्त. दाताचं कवच पुन्हा उगवत नाही आणि व्हेनियरही जन्मभर टिकत नाही, काही वर्षांनी बदलावा लागतो. दात पडला असेल किंवा मोडला असेल तर इम्प्लांट, ब्रिज, कॅप हे इलाज आहेत, ते जरूर करावेत. पण नुसता रंग उतरला असेल, एखादा टवका उडाला असेल किंवा दात थोडे वाकडे असतील, तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : माझा दात किती घासणार, आणि ब्लिचिंग, कंपोझिट किंवा तारा लावून, काही न घासता काम भागेल का? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरा दवाखाना गाठा.